भांडणातलं माप

दसरा जवळ आला की आमच्या घरमालकीण काकूंना भांडणाची उबळ यायची. एरवी त्या भांडत नसत असं नाही. दूधवाल्याशी रोज, भाजीवालीशी एक दिवसाआड आणि रेडिओवर बातम्या देणाऱ्या माणसाशी सकाळ-संध्याकाळ. पण ते आपलं चालू भांडण. दसऱ्याच्या आसपासचं वेगळं. त्यासाठी त्या छत्री घेत. पाऊस संपलेला, आभाळ निरभ्र, आणि काकू काखेत काळी छत्री मारून फाटकाबाहेर पडल्या की समजावं, आज कोणाचं तरी स्वयंपाकघर हादरणार.

माझी त्यांची ओळखही भांडणातूनच झाली. गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्या वर्षी भंडाऱ्याहून माझी बदली झाली आणि गोंदियाला लागूनच असलेल्या कुडव्यात त्यांच्या मागच्या अंगणातली खोली मिळाली. ट्रंक घेऊन रिक्षातून उतरले तर फाटकात एक बुटकी, वाळकी बाई उभी. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, पावसाळा म्हणून हातात छत्री.

"एवढी मोठी ट्रंक? राहायले आली का दुकान टाकायले?"

"राहायलाच आले. दुकान टाकायचं असतं तर बाजारात गेले असते, तुमच्या दारात कशाला?"

मीही काही कमी नाही. माझ्या आईनं लग्नाच्या बोलण्यांत माझा स्वभाव लपवता लपवता हात टेकले होते. काकूंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, छत्रीचं टोक ट्रंकेवर टकटक वाजवलं आणि म्हणाल्या, "चालन. जवाब देते. मुकी भाडेकरू मले चालत नाही. एक मुका घरात आहेच."

तो मुका म्हणजे काका. रेल्वेत गार्ड होते, निवृत्त झाले होते. आयुष्यभर गाडीच्या शेवटच्या डब्यात एकटे बसून बोलायची सवय सुटली होती, किंवा काकूंपुढे सुरूच झाली नसावी. आठवड्याला दोन वाक्यं बोलायचे, आणि दोन्ही कामाची असायची.

त्या पहिल्या वर्षी माझे हाल होते. नवीन कचेरी, कागद अजून इकडून तिकडे फिरत होते, आणि माझा पगार त्या कागदांबरोबर फिरत होता. घरी सांगायची सोय नव्हती, कारण नोकरीसाठी एकटी राहते म्हणून वडील आधीच रुसलेले. संध्याकाळी मी भात आणि हिरव्या मिरचीचा ठेचा खात होते आणि कोणी विचारलं तर आज उपास आहे म्हणत होते. आठवड्यात सगळे देव झाले.

दसऱ्याच्या आधी काकू माझ्या खोलीवर छत्री घेऊन आल्या. का, तर म्हणे मी मोरीत भाताची शितं सांडते आणि त्यानं उंदीर येतात.

"माझ्या घरात शितं सांडण्याइतका भात तरी असतो का!" मी ओरडले. "पाहा! हा डबा पाहा! हा पण पाहा!" आणि रागाच्या भरात एकेक डबा उघडून त्यांच्या नाकासमोर धरला.

त्यांनी सगळे डबे शांतपणे पाहिले. मग माझा हात पकडला, असा चेपून की चारही बोटं एकमेकांवर चढली, आणि म्हणाल्या, "हात कोणासमोर नाचवून राहिली वं?" जाताना दाराशी ठेवलेल्या माझ्या चपलेला एक लाथ घातली. चप्पल उलटी पडली. तिचा झिजलेला तळवा त्यांनी क्षणभर पाहिला आणि गेल्या. मी दार लावून रडले. असली घरमालकीण शत्रूलाही मिळू नये, असं आईला पत्रात लिहिलं.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी माझ्या उंबऱ्यावर मिठाईचा एक जुना खोका होता. आत चिवडा, चंदनाचा साबण, एक फुलबाज्यांची पेटी, नव्या चपला आणि डझनभर हिरव्या बांगड्या. चिठ्ठी नाही, नाव नाही. चपला बसल्या. बांगड्या भरल्या तर अशा सरकल्या की कासाराकडून भरून घ्याव्यात. माझा हात हाडापेराने मोठा. आईसुद्धा दरवेळी चुकीच्या मापाच्या आणते. मग हे माप कोणाला ठाऊक? मी हाताकडे पाहत बसले, आणि तिथं अजून काकूंनी चेपल्याची आठवण होती.

मी तशीच धावत त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. "काकू, तुम्ही!"

"हळू बोल, मेली!" त्यांनी आधी मागचं दार लावलं, मग पुढचं लावायला गेल्या आणि आठवलं की आज पुढचं दार लावत नाहीत. "कोणाजवळ बोललीस तर ट्रंक रस्त्यावर फेकीन."

त्या दिवसापासून मी त्यांच्या कटात सामील झाले.

काकूंचे वडील कासार. दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई भरते, नातेवाईक जमतात, नाटकं होतात. त्या मंडयांतून ते बांगड्या भरत फिरायचे आणि लहानपणी काकू त्यांच्या सोबत. त्यामुळे हात एकदा दाबला की माप कळायचं. सव्वादोन की अडीच, यात आयुष्यात चुकल्या नाहीत. चपलेचं माप लाथ मारताना कळायचं. आणि घरात काय आहे, काय नाही, हे भांडणातून.

"पण भांडायचं कशाला?" मी एकदा विचारलं. "सरळ जाऊन विचारपूस करावी."

"विचारपूस केली का माणूस घर झाकते," त्या म्हणाल्या. "'कसं चाललं वं' म्हटलं का 'सगळं मजेत आहे काकू' म्हणते अन् स्वयंपाकघराचं दार लोटून घेते. चोर म्हण, घाणेरडी म्हण, मग पाहा. स्वतःच डबे उघडून दाखवते."

माझी मान खाली गेली. त्यांना मजा वाटली.

शिवाय ज्या बाईनं दसऱ्याला शिव्या दिल्या तिच्यावर दिवाळीला संशय कोण घेईल? गल्लीत इतकी वर्षं खोके येत होते आणि लोक काय काय तर्क करायचे. कोणी म्हणे राइस मिलचा शेठ, कोणी म्हणे साईबाबांचा भक्त. एक म्हातारी शपथेवर सांगायची की तिनं पांढऱ्या साडीतली बाई डोळ्यांनी पाहिली. काकूंचं नाव कोणी घेतलं असतं तर गल्ली हसून लोळली असती.

त्यांचे नियम फार होते. डाळ-तांदूळ द्यायचा नाही, त्यानं माणसाला आपण भिकारी झालो असं वाटतं. द्यायचं ते असं की अडचणीतला माणूस स्वतःसाठी कधी घेणार नाही. वासाचं काहीतरी. आवाजाचं काहीतरी, म्हणजे फटाके. आणि चिवडा हवाच, कारण दिवाळीत घरी कोणी आलं तर पुढ्यात ठेवायला काही नसणं यासारखं मरण नाही. "बाईले आपल्या घरात यजमानीण राहू द्या," त्या म्हणायच्या. वेळही ठरलेली, लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ. लक्ष्मी यावी म्हणून सगळ्यांची दारं सताड उघडी, घरची माणसं आत पाटाशी. त्या वेळी उंबऱ्यावर कोण आलं ते कोणी हटकत नाही.

आणि सगळ्यांत कडक नियम: भांडं द्यायचं नाही. भांडं आलं की परत करावं लागतं, आणि रिकामं भांडं परत करायची आपल्याकडे पद्धत नाही. ज्या घरात काही नाही त्या बाईनं त्यात काय घालून द्यावं? म्हणून कागदाचा खोका, जुना, दुकानाचं नाव नसलेला.

हाच नियम मी मोडला.

त्याचं असं झालं. मला तिथं येऊन सहा वर्षं होत आली होती. आमच्या समोरच्या घरात एक कुटुंब राहायचं. वहिनी, तिचा नवरा आणि दहावीतली मुलगी. वहिनी सालेकशाकडच्या खेड्यातली, उंच, काळीसावळी, बोलायला फटकळ. गल्लीत काकूंच्या तोडीस तोड भांडणारी ती एकटीच. नवरा राइस मिलमध्ये हमाली करायचा. त्या पावसाळ्यात धानाच्या बोऱ्यांची थप्पी अंगावर आली आणि कंबर गेली. खाटेवर पडला तो पडलाच. गणपतीत काही उत्साही मंडळी तांदळाचं पोतं घेऊन आली, सोबत फोटोवाला. "जरा पदर सरळ करा वहिनी, अन् पोत्याले हात लावा," असं म्हणाले. वहिनीनं पोत्याला हात लावला खरा. उचललं आणि बाहेर टाकलं. पण फोटो निघालाच होता. तो कुठल्या तरी फलकावर चिकटला, आणि शाळेत पोरी तिच्या मुलीला "पोतं, पोतं" म्हणायला लागल्या.

त्या दिवशी वहिनी गल्लीच्या मधोमध उभी राहून म्हणाली, "आता कोणी काही घेऊन माझ्या दारी आलं ना, तं घराले कुलूप लावीन अन् माहेरी चालली जाईन. दोघायलेही घेऊन."

माहेरी जंगलपट्टीत दहावीची शाळा नव्हती. पोरगी वर्गात पहिली यायची. म्हणजे वहिनी निघून गेली तर पोरीची दहावी संपली, हे सगळ्या गल्लीला कळत होतं. वहिनीलाही कळत होतं, पण तिनं तोंडातून शब्द काढला की काढला.

काकू तरीही छत्री घेऊन गेल्या. ते भांडण मी जन्मात विसरणार नाही. निमित्त नाली तुंबल्याचं. दोघींचा आवाज चौकापर्यंत जात होता आणि भाजीवाला हातगाडी थांबवून ऐकत होता. काकू घामाघूम होऊन परतल्या, पण खूश. "सव्वादोन," म्हणाल्या. "पोरीजवळ कंपास नाही, वाटीनं वर्तुळ काढून राहिली होती. अन् त्याची दाढी पाहिली का? दोन महिन्यांची. माणूस दाढीनं अर्धा मरते."

दोन दिवसांनी त्याच नालीवरच्या फरशीवरून त्यांचा पाय घसरला. मांडीपर्यंत प्लास्टर. मी म्हटलं, "पाहा, नालीनं सूड घेतला." तर मलाच छत्री फेकून मारली.

त्यामुळे त्या वर्षीचा खोका मी पोचवायचा ठरला. हिरव्या बांगड्या, कंपास, फुलबाज्या, दाढीचं सामान, आणि काकांनी खमंग परतलेला दोन किलो चिवडा. संध्याकाळी निघायच्या वेळी खोका उचलला तर तेलानं बूड फाटलं आणि चिवडा माझ्या पायावर. समोरच्या घरात आरती सुरू झालेली. वेळ कुठं होता? मी मांडणीवरून एक स्टीलचा डबा काढला. नाव आहे का ते पाहिलं हं! काकूंच्या घरात उलथण्यावरसुद्धा नाव घातलेलं होतं, हे मला माहीत होतं. झाकण पाहिलं, बाजू पाहिली, बूड पाहिलं. कोरं. खोक्यात राहिलेला चिवडा डब्यात भरला, बाकीचं सामान एका साध्या पिशवीत घातलं, उंबऱ्यावर ठेवलं आणि पळाले. काकूंना काही बोलले नाही.

भाऊबीजेच्या सकाळी पलंगावरून काकूंची नजर मांडणीवर फिरली.

"पाचातला मधला डबा कुठी गेला?"

मी कबूल केलं. "पण काकू, मी चारी बाजूंनी पाहिलं. कुठंच नाव नव्हतं."

"आतून पाहिलं?"

"आतून कोण नाव घालतं?"

"मी," काकू म्हणाल्या. "बाहेरचं नाव चोट्टे घासून काढतात."

काकू बोटांवर मोजायला लागल्या. "तीन माणसं. पाहुणे येणार नाहीत. आठ दिवस तरी चिवडा पुरन."

"चिवडा चांगला झाला आहे, चारच दिवस," काका म्हणाले.

दोन दिवस झालेच होते. म्हणजे डब्याच्या तळाशी काकूंचं पूर्ण नाव, काकांच्या नावासकट, चिवड्याखाली दबून बसलं होतं आणि रोज वाटीवाटीनं वर येत होतं. "जाय," काकूंनी मला फर्मावलं. "नालीचं निमित्त काढ अन् भांड. डबा कसाही घेऊन ये."

मी गेले. "वहिनी, तुमच्या नालीचं पाणी," एवढं म्हटलं आणि पुढचं सुचेना. शत्रुत्व नसताना भांडणं किती अवघड असतं ते त्या दिवशी कळलं.

"काऊन मॅडम, घसा बसला का?" वहिनी हसली. "या, बसा. दिवाळीच्या आल्या, तशाच जाता का?"

आत नवरा भिंतीला टेकून बसला होता. गुळगुळीत दाढी. मुलगी जमिनीवर कर्कटकानं वर्तुळ काढत होती, नको तितकी वर्तुळं. आणि वहिनीच्या हातात हिरव्या बांगड्या. तिनं माझ्यापुढे बशीत चिवडा ठेवला, आणि काय तोरा होता त्या ठेवण्यात! काकू म्हणायच्या तशी यजमानीण.

"कोणी ठेवून गेलं बाप्पा," ती म्हणाली. "नाव नाही, गाव नाही, फोटो नाही. म्हणून घेतलं. कोणाचं आहे समजलं असतं तं तसंच उंबऱ्याबाहेर ठेवलं असतं."

मी एकेक शेंगदाणा चघळत बसले, माझ्यापायी तळ वर यायला नको म्हणून. पण वहिनी ऐकेल तर ना. "घ्या वं आणखी, लाजता कायले," म्हणत तिनं डब्यात डाव घातला. डाव तळाला लागला. खणकन आवाज आला. ती डब्यात पाहत राहिली. डोकं वाकवून, जरा उजेडाकडे धरून, पुन्हा पाहिलं. मग शांतपणे झाकण लावलं आणि म्हणाली, "संपलाच होता." मी बशी तशीच टाकून घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या दाराला कुलूप होतं.

काकूंकडच्या पुढच्या खिडकीतून मीच पाहिलं. काकूंना सांगावं लागलं. सहा वर्षांत मी त्या बाईला रडताना पाहिलं नव्हतं. त्या प्लास्टरच्या पायावर हात आपटत होत्या. "माझ्या नावानं पोरीची दहावी खाल्ली. काय नडलं होतं मले आतून नाव घालायचं!" मी म्हटलं, चूक माझी. त्या म्हणाल्या, तुझी तर आहेच. काका उठून बाहेर ओट्यावर जाऊन उभे राहिले, आणि बराच वेळ आत आले नाहीत.

दहाच्या सुमाराला गल्लीत आवाज फुटला.

"ओ काकू! बाहेर निघा! पाय मोडला तुमचा, तोंड तं नाही ना मोडलं?"

वहिनी! फाटकाशी उभी, एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात तो डबा. मागं मुलगी, आणि तिच्यामागं ओट्यावर खाट टाकून उन्हाला बसवलेला नवरा. आम्ही काकूंना खुर्चीसकट बाहेर आणलं. सगळी गल्ली दारात जमली.

"तीन महिने झाले, तुमचा डबा माझ्या घरी पडून आहे! न्यायले होत नाही? माझी मांडणी अडून राहिली! आता तुमचे भांडे मीच सांभाळू का?"

गल्लीनं आ वासला. काकूंनी कोणाला भांडं दिलं? वाटी मागायला गेलेल्या बायका रिकाम्या हातानं परत आलेल्या होत्या. पण वहिनी हात नाचवत बोलत होती, आणि हात नाचला की हिरव्या बांगड्या खळखळत होत्या. मला तेवढ्यात सगळं समजलं: तीन महिन्यांपूर्वीच्या डब्याचा दिवाळीच्या खोक्याशी कोण संबंध जोडणार? काकूंनाही. त्यांनी पदरानं नाक पुसलं आणि आवाज लावला.

"तीन महिने वापरला ना फुकटात! पोचा पडला असन तं भरून घेईन!"

"पाहा ना, पोचा कुठी पडला ते! आतून-बाहेरून पाहा!"

"पाहतेच! मी काय भेते का?"

वहिनी फाटक ढकलून आत आली आणि डबा काकूंच्या मांडीवर आदळला. वाकली तेव्हा आवाज एकदम खाली आला. मी खुर्चीमागं होते म्हणून ऐकलं.

"माप बरोबर आहे, काकू."

मग पुन्हा तोच पट्टीतला आवाज, "पुन्हा माझ्या दारी डबा दिसला तं याद राखा!" आणि ती पाय आपटत गेली. आयुष्यात पहिल्यांदा काकूंना शेवटचा शब्द मिळाला नाही.

डब्यात नवा चिन्नोर तांदूळ होता, ओंजळभर. सकाळच्या गाडीनं गावचा कोणीतरी आला होता, त्याच्यासोबत भावानं पाठवलेला. तो आणायला ती मुलीला घेऊन स्टेशनवर गेली होती, आणि खाटेवरच्या माणसाला उगाच कोणी उठवू नये म्हणून बाहेरून कुलूप घातलं होतं. रिकामं भांडं परत करायची पद्धत नाही ना. काकूंनी खुर्चीतून हुकूम सोडत त्या एवढ्याशा तांदळाचा भात माझ्याकडून शिजवून घेतला. घरभर वास सुटला. तिघांनी चार-चार घास खाल्ले आणि काका म्हणाले, "हा भात लक्षात राहील." त्या आठवड्यातलं त्यांचं ते दुसरं वाक्य.

वहिनी कुठंही गेली नाही. पोरगी दहावीत शाळेत पहिली आली, आणि पेढे वाटायला वहिनी काकूंच्या दारात आली ती भांडतच. पुढं नवरा काठी घेऊन चालायला लागला, दाराशी पानटपरी टाकली. दोघी बायकांचं भांडण मात्र काकू असेपर्यंत सुरू राहिलं. गल्लीतल्या नवीन माणसांना वाटे, यांचं सात जन्माचं वैर आहे.

माझं लग्न झालं, मी तिरोड्याला गेले. ह्यांचं तिथं इलेक्ट्रिकचं दुकान. मधल्या काळात काकू गेल्या. झोपेत, कोणाशीही न भांडता, हे मला फारच चमत्कारिक वाटलं. काका आणखी एक वर्ष राहिले.

पुढं ह्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, दुकान बंद पडलं, मी बिनपगारी रजेवर, आणि दवाखाना जवळ म्हणून आम्ही पुन्हा कुडव्यात, त्याच गल्लीत येऊन राहिलो. कोणी भेटायला आलं की मी म्हणायची, "सगळं मजेत आहे," आणि स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची. मला स्वतःला ते कळतही नव्हतं.

दसऱ्याला चार दिवस होते. दारात आवाज झाला.

"ओ मॅडम! तुमच्या कुकरची शिट्टी सकाळी पाचले वाजते! लोकायनं झोपायचं का नाही?"

वहिनी होती. केस पिकलेले, आवाज तोच. काखेत काळी छत्री. उन्हं लख्ख पडली होती. दाराशी माझ्या चपला होत्या. तिनं त्यांना लाथ घातली आणि तळवा पाहिला. मग सरळ आत घुसून स्वयंपाकघराचं दार उघडलं.

"कुकर! कुकरमध्ये शिजवायला काही असतं का रोज!" मी ओरडले, आणि ओरडता ओरडता डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ह्यांनी आतून विचारलं, काय झालं, कोण भांडतंय?

वहिनीनं माझा हात धरला, चेपून, चारही बोटं एकत्र. "हात कोणासमोर नाचवून राहिल्या?"

मी आवाज आणखी चढवला, गल्लीला ऐकू जावं इतका. हात मात्र सोडवून घेतला नाही, तिला माप नीट घेता यावं म्हणून.